पाळीवरचं तळं आणि खालच्या टोलीची विहीर

बायकांचे हात हातात घेऊन बसणं हा आमचा धंदा. अब्बा आरमोरीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे आणि अम्मी नि मी गाठोडी घेऊन आसपासच्या खेड्यांत दारोदार फिरायचो. बांगडी चढवताना बाईचा अंगठा आत दाबावा लागतो, ती कळवळते, आणि तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला आपण काहीतरी विचारायचं असतं. धान कसं झालं, सून कधी येणार, म्हैस व्याली का. बांगडी भरण्यात माझा हात अम्मीइतका हलका नव्हता, पण विचारण्यात मी तिच्या कितीतरी पुढे होते. "तेरेको दुनिया की क्या पडी है?" असं ती मला रस्ताभर म्हणायची. मला पडलेली असायची. अजूनही असते.

या धंद्यात मला एक गोष्ट फार लवकर समजली. उन्हाळ्यात काचेची बांगडी जास्त खपते. लग्नसराई हे त्याचं एक कारण, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण विहीर. पाणी खोल गेलं की दोर लांब होतो, बादली जड लागते, ओढताना मनगट काठाच्या दगडावर आपटतं आणि बांगडी जाते. 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, पण काच ती काच. विहिरीवर दोर ओढायची गडगडी असेल तर बांगड्या टिकतात. गडगडी नसेल आणि पाणी पाताळात गेलं असेल, तर त्या गावात चैत्र-वैशाखात पुन्हा पुन्हा गाठोडं सोडायचं. नुसती मनगटं बघून मी विहिरीचा अंदाज सांगायची. अम्मी म्हणायची, हिला पंचायतीत नेऊन बसवा, आमचा पिच्छा सुटेल.

आमच्या फेरीतल्या एका गावात जुनं मालगुजारी तळं होतं. वर तळ्याची पाळ आणि पाळीला लागून गावाची घरं. पाळीच्या खाली धानाची खाचरं, ज्यांना आमच्याकडे बांध्या म्हणतात, आणि बांध्या संपल्या की उतारावर खालची टोली. टोली म्हणजे लहानशी वस्ती; तिथली माणसं रोजमजुरी करायची. त्यांची विहीर एकच आणि ती होळीच्या आधीच तळ दाखवायची. मग बायका सकाळी-संध्याकाळी नदीवर जायच्या, पळसाच्या नि मोहाच्या जंगलातून, डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन. उरलंसुरलं पाणी विहिरीच्या बुडातून खरवडून काढायचं, त्यात बांगड्या जायच्या. खालची टोली आमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक होतं. लिहायला बरं वाटत नाही, पण होतं.

पाळीवर माझी मैत्रीण राहायची. माझ्यापेक्षा वयानं मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणायची, ती मला पोरी म्हणायची. तिचा धंदा मासोळीचा. तळ्यात बीज सोडायचं, वाढवायचं, पकडून विकायचं काम एके काळी गावातली बरीच ढिवर घरं करत. एकेक करून ती माणसं नदीवर नाहीतर मजुरीला गेली आणि शेवटी तळ्यावर हिचं एकटीचं घर उरलं. नवरा जाळं टाकायचा आणि गप्प राहायचा. बोलणं, भांडणं, विकणं ही तीन खाती तिच्याकडे. बाजारात तिची टोपली आमच्या दुकानाला लागून असायची. मालाला वास लागतो म्हणून अम्मी दर आठवड्याला नाक मुरडायची आणि बाजार उठताना राहिलेली मरळ तिच्याकडूनच घ्यायची.

त्या वर्षांत पावसाची चाल बदलली होती. आधी आमच्याकडे झड लागायची, दिवस दिवस रिपरिप चालायची, कपडे वाळत नसत, माणसं वैतागायची. आता पाऊस एकदम कोसळायचा, नाले फोडून जायचा आणि मग ऐन धानाच्या रोवणीच्या वेळी ऊन पडायचं. का, याचं उत्तर दर ओसरीवर वेगळं मिळे. कोणी म्हणे जंगल तुटलं, कोणी म्हणे गाड्या वाढल्या, कोणी म्हणे माणसाची नियत बिघडली. अब्बांच्या रेडिओवर सगळ्या देशातल्या पाणीटंचाईची चर्चा चालायची. या टोकाची नदी त्या टोकाच्या नदीला जोडायची म्हणत. मी बांगड्यांच्या माळा ओवत ऐकायची. मला त्यातलं थोडंच कळायचं, पण पाणी जमिनीखालून कुठून कुठं जातं हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात तेव्हाच शिरला.

एका साली पाऊस मध्येच थांबला आणि पुढच्या उन्हाळ्यात तळं पूर्ण आटलं. म्हाताऱ्यांनाही असं आटलेलं आठवत नव्हतं. सरकारी काम निघालं, तळ्यातला गाळ काढायचं. पाळीवरचे, टोलीतले, सगळे कामावर आले. काळा गाळ बैलबंडीनं शेतात गेला, शेतकरी खूश झाले. शाळेच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहून झालं. मासोळीवाली बाईसुद्धा टोपलं घेऊन होती आणि सगळ्यात जास्त उत्साह तिलाच होता, कारण तिच्या डोक्यात एक बेत होता. तळ्याच्या मध्यावर खोल डोह करायचा. म्हणजे बाकी तळं उतरलं तरी उन्हाळाभर तिथं पाणी राहील आणि मरळ जगेल.

मी गेले तेव्हा ती कमरेइतक्या खड्ड्यात उभी होती. काळा गाळ केव्हाच संपला होता. त्याखाली पिवळी, चिकट माती लागली होती, फावड्याला धरून बसणारी. काम बघणारा माणूस म्हणत होता, "बाई, बस झालं आता."

"हातभर अजून," ती म्हणाली. "तुले काय जाते? मासोरी मले जगवाची आहे."

तिने स्वतः, नवऱ्याने आणि टोलीच्या दोघा-तिघा गड्यांनी ती पिवळी मातीही काढली. खाली पांढरा मुरूम लागला, चमचमणारा, भुसभुशीत. बाईने मला हात धरून खड्ड्यात उतरवलं, घर बांधून झाल्यावर पाहुण्याला दाखवतात तसं. मुरूम पायाला थंड लागला. मी मूठभर उचलून दाबला, तर त्याचा गोळा होईना. बाटलीतलं पाणी घेऊन मी हात धुतले. ते खाली पडलं आणि क्षणात दिसेनासं झालं. "बघ, कशी तहान आहे त्याला," मी म्हटलं आणि दोघी हसलो. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. इतकं खोल आधी कोणी खणलंच नव्हतं, तर खणू नये हे सांगणार कोण?

पुढचा पावसाळा चांगला झाला. तळं भरलं, सांडवा वाहिला, धानाला पाणी मिळालं. बाईने बीज सोडलं आणि बाजारात येऊन अम्मीला आगाऊ मरळ कबूल केली. धान कापलं, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, झाल्या, आणि मग तळं उतरायला लागलं. दर हिवाळ्यात ते थोडं उतरतंच, पण हे वेगळं होतं. आज घाटाची पायरी भिजलेली, चार दिवसांनी कोरडी, आणखी चार दिवसांनी तिच्या खालची कोरडी. धानाला आता पाणी लागत नव्हतं, त्यामुळे शेतकऱ्यांना त्याचं काही नव्हतं. जीव टांगणीला लागला होता तो एकट्या बाईचा.

तिचा पहिला संशय तुडुमावर. तुडुम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार. तिने ते धानाचं तणस आणि माती कोंबून बुजवलं. पाणी उतरतच राहिलं. मग दुसरा संशय, की कोणी धानवाला चोरून तुडुम उघडतो आणि भाजीपाल्याला पाणी नेतो. भर बाजारात तिने एका शेतकऱ्याला धरलं.

"काऊन भाऊ, माझ्या मासोऱ्याइचं पानी पिऊन वांगे गोड लागते का?"

तो बिचारा वांगीच लावत नव्हता. तो कांदा लावायचा, आणि तोही स्वतःच्या विहिरीवर. लोक हसले, ती आणखी चिडली. आमच्याकडे म्हणतात ना, कुठंतरी पाणी मुरतंय. इथं ते खरंच मुरत होतं आणि कुठं ते कोणाला दिसत नव्हतं. ती टोपली घेऊन बसे, पण हाक मारायची विसरून जाई. मला तिची काळजी वाटायला लागली.

आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला खालच्या टोलीनं आमच्याकडे पाठ फिरवली. आम्ही गेलो, गाठोडं सोडलं, नव्या नमुन्याच्या हिरव्या बांगड्या मांडल्या. बायका आल्या, बघितल्या, सुरेख आहेत म्हणाल्या, आणि कोणी हात पुढे करेना. मी मनगटं बघितली. संक्रांतीला भरलेल्या बांगड्या जशाच्या तशा! अम्मीला वाटलं, दुसरा कोणी बांगडीवाला येऊन गेला. मला वाटलं, आमचं काहीतरी चुकलं. शेवटी एका सुनेला मी सरळच विचारलं. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, हसऱ्या तोंडाची पोरगी. आदल्या उन्हाळ्यात मीच तिच्या मनगटातली काच काढली होती.

"बांगड्या वाढूनच नाई राह्यल्या ना बाई," ती म्हणाली. "चाल, दाखवतो तुले."

तिने मला विहिरीवर नेलं. मी वाकून बघितलं आणि मला माझंच तोंड दिसलं, अगदी जवळ. दोराची गुंडाळी बाजूला पडली होती. थोडासा दोर सोडला की बादली भरत होती. काठाशी सांडपाण्यावर तिने सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला होता, त्याची हिरवी कोवळी पानं वर आली होती. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दुपारची वेळ होती आणि टोलीतल्या बायका बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या. एक दुसरीच्या केसातल्या उवा बघत होती, एक म्हातारी पडवीत चक्क घोरत होती. इतक्या वर्षांत त्या टोलीतली एकही बाई उन्हाळ्यात दुपारी बसलेली मी बघितली नव्हती.

"पाणी कधीपासून वाढलं?" मी विचारलं.

"मंडई झाली ना, तवापासून. देवीनं दिल्लं."

 वर चढून येताना बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावर मी थांबले. मागे टोली, पुढे पाळ, मध्ये सगळा उतार. मंडईपासून तळं उतरतंय, मंडईपासून विहीर चढतेय. पांढरा मुरूम. बाटलीतलं पाणी.  कोणी काही शिकवलं नसताना एखादी गोष्ट आपली आपल्याला सुटते, तो आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मी अम्मीला हात हलवून हलवून सगळं सांगितलं. ती गाठोडं दुसऱ्या काखेत घेत म्हणाली, "समझी ना? अब चुप बैठ. मच्छीवालीको बोली तो वो गड्डा बंद करेगी, और इनका पानी जायेगा."

तिचं खरं होतं, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी फक्त कोडं सोडवण्यात रमले होते. शाळेच्या भिंतीवर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले होते आणि आम्ही सगळे ते एका दमात वाचत होतो. अडवा हा शब्द पाळीवरचा होता, जिरवा हा टोलीचा. दोघांना एकच पाणी हवं असेल तर काय करायचं, ते भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ही राहावी असं मला वाटलंही नाही. तिचे मासे मरत होते आणि ती कांदेवाल्याला शिव्या देत होती. मी पाळीवर गेले आणि सांगितलं. ती ऐकताना जाळ्यातली गाठ सोडवत होती, ती सोडवायची थांबली. मग मला घेऊन तळ्यात उतरली. तळ्याच्या कडेला उथळ चिखलात थोडं पाणी होतं, त्यात बोटाएवढी मासोळी उलटी पडली होती. जो डोह मासे जगवायला खणला होता तो खडखडीत कोरडा होता. तळात पांढरा मुरूम दिसत होता.

"म्याच खंदला," ती म्हणाली. "हातभर अजून, हातभर अजून." आणि ती रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होते. मग डोळे पुसून तिने पाळीकडे बोट केलं. आदल्या साली काढलेल्या पिवळ्या मातीचा ढीग तिथं तसाच पडला होता. "पानी पडाच्या आंधी भरून टाकतो. पायानं तुडवून देतो. हे साल गेलं, पुढचं नाई जाऊ देत."

मी म्हटलं, "आधी विहीर तर बघ."

"काऊन पाहू? पाहिल्यावर माती टाकाले होईन का?"

तरी ती गेली. दुसऱ्याच दिवशी मी तिला टोलीच्या वाटेनं उतरताना बघितलं आणि मागोमाग गेले. विहिरीवर तिने बादली सोडली, ओंजळीनं पाणी प्यायली आणि बादली त्या सुनेच्या गुंडात ओतली. सुनेनं हसून, काय बाई, आज इकडं कुठी, असं विचारलं.  मग मीच सुनेला सगळं सांगितलं, तळं, मुरूम, पिवळी माती, खड्डा बुजवायचा बेत, सगळं. एका बाजूला सांगितलं होतं तर दुसऱ्या बाजूलाही सांगणं भाग होतं. सून ऐकताना सांबाराच्या वाफ्याकडे बघत होती. पण मासोळीवाली घरी परतली ती माती वाहायचं टोपलं घासून ठेवायलाच. तिच्या घरात दोन पोरं होती आणि तळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

खड्डा बुजवायचा दिवस आला तेव्हा मी मुद्दाम गेले. ऊन अजून तापलं नव्हतं. नवरा माती भिजवत होता, ती टोपलं भरत होती. इतक्यात पाळीवर टोलीच्या बायका दिसल्या. एकामागून एक, डोक्यावर टोपली. मला वाटलं, आता जुंपणार. खरं सांगायचं तर जुंपावी असं मला वाटत होतं. टोलीनं एकदा तरी आपल्या पाण्यासाठी तोंड उघडावं, मला ते बघायचं होतं.

ती हसरी सून पुढे होती. ती खड्ड्याशी आली, टोपलं खाली घेतलं आणि आत ओतलं. चिकण माती होती. घर सारवायला टोलीत साठवून ठेवतात ती. मागच्या बाईनंही ओतलं. तिसरी ओतायला वाकली.

मला राग आला. "अगं, करता काय?" मी ओरडले. "तुमची विहीर जाईल! भांडा ना! निदान विचारा तरी!"

सून माझ्याकडे वळली. चिडलेली नव्हती, रडलेली नव्हती. एखादी रोजची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "भांडून काय करू? आमाले पाय आहेत, बाई. नदीवर जाता येते. आजवर गेलोच ना. मासोरी कुठी जाईन?"

 नवऱ्याचे हात चिखलात तसेच राहिले. मासोळीवाली भरलेलं टोपलं कमरेला लावून उभी होती. तिने खड्ड्यात बघितलं, मग त्या बायकांच्या पायांकडे बघितलं. भेगाळलेले, धुळीनं पांढरे झालेले पाय. 

"मासोरीले पाय नाई, खरं आहे," ती म्हणाली. "पर मले आहेत ना."

तिने टोपलं बाजूला ठेवलं, खड्ड्यात उतरली आणि त्यांनी टाकलेली माती दोन्ही हातांनी वर काढायला लागली. नवरा काठावर आला. तो सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला. "नदी लय दूर आहे," तो म्हणाला. "रोज जाळं घेऊन जाऊन होईन का?"



"त्याइले जवळ होती का?" ती म्हणाली, आणि माती काढत राहिली.